तिसरी चौकट

कर्जतच्या फलाटावर पुण्याकडं जाणारी गाडी आली की तिला ढकलायला मागून घाटाचं इंजिन लावतात. ते लागेस्तोवर गाडी उभी. तेवढ्या वेळात भिवाजी पेंटर पाण्याच्या हौदापाशी उकिडवा बसून माणसं बघायचा. बघायचा म्हणजे तोंडं नव्हे. तोंडाकडं तो ढुंकूनही बघत नसे. पाठी बघायचा, खांदे बघायचा, गुडघे अन् टाचा बघायचा.

"तो टोपीवाला बघ येसाजी. घरी भांडून निघालाय," तो शेजारी बसलेल्या हमालाला सांगायचा.

"तुला काय त्यानं येऊन सांगितलं?"

"टाच बघ की त्याची. चालतोय का जमिनीला लाथा घालतोय?"

येसाजी मग मुद्दाम त्या माणसाची ट्रंक उचलायला जायचा, दोन शब्द बोलायचा आणि हसत परत यायचा. "अरं भाड्या, खरंच की! मेव्हण्याशी वाजलंय त्याचं. तू पेंटर हायस का देवऋषी?"

"देवऋषी असतो तर तुझ्याजवळ बसलो असतो व्हय?"

भिवाजी मूळचा खालापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळा दुसऱ्या बुकापर्यंत. पाटीवर गणित मांडायचं सोडून त्यानं मास्तरांची पाठमोरी आकृती काढली, मास्तरांनी ती बरोब्बर ओळखली आणि भिवाजीची शाळा तिथंच संपली. पुढं कर्जतच्या बाजारात येऊन राहिला. दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या फळ्या, पोळ्याला बैलांची शिंगं, जे येईल ते रंगवायचा. पण त्याचा खरा जीव होता मुंबईच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर. तिथं दर आठवड्याला त्याची गमतीची चित्रं यायची, चार चौकटींत. एक ढेरपोट्या हवालदार आणि त्याची शेळी. हवालदार काहीतरी शहाणपणा करायला जायचा आणि शेळी त्याचा बोजवारा उडवायची, एवढंच.

पण काय काढायचा! हवालदाराच्या पोटावरून कुंचला असा दाबून फिरवायचा, की रेघ खाली येईस्तोवर भरून जड व्हायची. वाटायचं, आता पट्टा तुटतो. हवालदार घाबरला की कुंचला कोरडा करून ओढायचा, मग रेघ तुटत तुटत जायची. शेळीला मात्र एकच बारीक रेघ, झटक्यात. चेहरे म्हणाल तर दोन ठिपके आणि एक आडवी रेघ, बस्स. "आधी कना," तो म्हणायचा, "कना बसला की मानूस बसला. डोकं काय, जागा उरली तर काढायचं."

मग लढाई आली. कागद मिळेनासा झाला, साप्ताहिक रोडावलं आणि शेवटचं पान गेलं. "लढाईत पयली आमची शेळी मेली," असं भिवाजी स्टेशनावर सांगायचा. येसाजी हसायचा. घरी कुणी हसत नसे. घरात तो आणि त्याची बायको बायजा, दोघंच. त्यांना एक मुलगी होती, शकू. घशाच्या दुखण्यानं गेली. त्यालाही आता दोन पावसाळे होऊन गेले होते. तेव्हापासून दोघं एकमेकांशी गरजेपुरतं बोलत. मीठ संपलं, कोण आलं होतं, दार लावलंत का, असं.

त्या साली चैत्रात अण्णा घरी आले. अण्णा म्हणजे तालुक्याचे देवीडॉक्टर. डॉक्टर आपलं म्हणायला. काम एकच, सायकलवर पेटी बांधून गावोगाव हिंडायचं आणि पोरांच्या दंडावर देवी टोचायच्या. जातीनं बामण, स्वभावानं साधा, वय झालेलं. ओसरीवर बसल्या बसल्या पाणी मागितलं, तांब्या संपवला आणि म्हणाले, "भिवाजी, कशेळ्याच्या वर, डोंगरातल्या ठाकरांच्या वाड्यांत देवीची साथ आलीय. एका पाड्यात पोरं गेली. आणि मला बघितलं की माणसं पोरं घेऊन रानात पळतात. सायकलची घंटी वाजली की वाडी रिकामी."

"मंग घंटी काढून टाका की, अण्णा."

"काढली. आता साखळी वाजते त्यानं पळतात."

भिवाजी हसला. अण्णा हसले नाहीत.

"चेष्टा नाही रे. सांगून पटत नाही, वाचता कुणाला येत नाही. पण बघतात. तुझी शेळी बघून पोट धरून हसणारा ठाकर मी कशेळ्यात पाहिलाय. मला चित्र काढून दे. टोचल्यावर काय होतं, ते. वरच्या वाडीची बुधी म्हणून एक आहे, पळसाची पानं विकायला बाजारात येते. ती म्हणाली, 'माझ्या कमळ्याला काय करशील ते आधी दाखव, मग आणते.' तिनं आणलं की बाकीच्या येतील. तिचं ऐकतात तिथं."

कापड तेव्हा कंट्रोलवर, मोजून मिळायचं. अण्णांनी आपलं जुनं धोतर आणलं होतं. भिवाजीनं त्याला खळ लावली, भिंतीला ताणून वाळवलं आणि आडव्या तीन चौकटी आखल्या.

पहिली चौकट त्याला खेळच होती. आई मांडी घालून बसलेली, मांडीवर पोर, पोराचे पाय आडवेतिडवे, एक लाथ आईच्या हनुवटीला. दुसरी चौकट अवघड. सुई दाखवायची, पण भय नाही दाखवायचं. उभा डॉक्टर काढला तर तो जंगलखात्याचा शिपाई वाटणार, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं अण्णांना भुईवर बसवलं, आईपेक्षा ठेंगणं, पाठ गोल, मऊ रेघेची. आजोबा नातवाच्या पायातला काटा काढतात ना, तसं.

तिसरी चौकट आनंदाची. तिच्यात त्यानं सगळी हौस ओतली. मोठ्ठं अंगण, अंगणापलीकडं शेत, शेतापलीकडं डोंगर. आणि पोर धावत धावत पार डोंगराच्या पायथ्याला गेलेलं, बोटाएवढं. आई अलीकडं उभी, हात मोकळे सोडलेले, पोराकडं बघत. पोर आता धडधाकट झालं, आईनं त्याला धरून बसायला नको, असं त्याच्या मनात.

बायजा पाण्याचा हंडा घेऊन आली. हंडा उतरवला आणि धोतरापुढं उभी राहिली. बराच वेळ राहिली.

"कसं हाय?" भिवाजीनं विचारलं.

"अंगन लई मोठं झालंय."

"मंग पोरगं धावनार कुठं?"

ती आत जाऊन चूल फुंकायला लागली. चुलीत जाळ चांगला होता, तरी फुंकत राहिली. फलाटावरच्या सगळ्या पाठी वाचणाऱ्या ह्या बाबानं त्या दिवशी घरातल्या पाठीकडं बघितलंच नाही. तो डोंगराला रंग देत होता.

कशेळ्याच्या बाजारात चिंचेच्या झाडाला धोतर बांधलं. खाली अण्णा पेटी घेऊन बसले. भिवाजी जरा बाजूला, हात मागं बांधून, नवरदेवाच्या बापासारखा. माणसं जमली. कोंडाजी म्हणून एक भाताचा शेतकरी होता खालच्या गावचा, तो पुढं होऊन म्हणाला, "पेंटर, अण्णा हुबेहूब की रं! धोतर पन तसंच, सुटायला आलेलं."

"हुबेहूब असणारच," अण्णा म्हणाले, "धोतर माझंच आहे. त्याच्यावरच काढलंय."

हशा झाला. वरच्या वाड्यांच्या बायका मागं होत्या, त्या पुढं सरकल्या. पहिली चौकट बघून एकमेकींना कोपरं मारली, लाथ दाखवून हसल्या. दुसऱ्या चौकटीपाशी गप्प झाल्या, पण उभ्या राहिल्या. भिवाजीचा ऊर भरून आला. मग त्या तिसऱ्या चौकटीकडं आल्या.

आणि तिथनं एकेक करत मागं फिरल्या. पोरांच्या डोक्यावर पदर ओढले आणि चालायला लागल्या.  अण्णांनी हाक मारली, "बुधे, ये गं, आण त्याला." बुधी काळीसावळी, उंच बाई, कडेवर कमळ्या. तिनं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा चित्राकडं आणि पळसाची अर्धी पानं तशीच टाकून रस्त्याला लागली. उन्हं डोक्यावर यायच्या आत वरच्या बाजूचा बाजार उठला. एक पोर टोचून झालं नाही.

"लाजल्या असतील," भिवाजी म्हणाला.

अण्णा पेटी बांधत होते. "लाजलेलं माणूस इतकं भरभर चालत नाही रे."

त्या आठवड्यात अण्णा वाड्या हिंडून आले. पूर्वी म्हातारीकोतारी तरी मागं राहायची. आता कुत्रंसुद्धा नव्हतं.

पुढच्या बाजाराला भिवाजी एकटाच गेला. बुधी पानांचे गठ्ठे मांडून बसली होती. कडेवर पोर नव्हतं. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"कमळ्याला नाय आनलं?"

"तू आनला असतास?" ठाकरं सगळ्यांनाच एकेरीत बोलतात, त्यात राग नसतो. पण त्या दिवशी होता.

"म्हंजे?"

"तूच काढलंस न तूच इचारतोस?"

"मी काय वंगाळ काढलं, बाय? सांग तरी."

बुधी उठली. चित्र आता झाडावर नव्हतं, पण तिला त्याची गरज नव्हती. "पयल्यात पोर मांडीवं. हां? दुसऱ्यात सुई. न तिसऱ्यात?" तिनं दोन्ही हात अंगापासून जरासे लांब खाली सोडले. "तिसऱ्यात बायच्या हातात काय हाय? काय नाय. पोर कुठं हाय? डोंगराला. आमी मेलेलं पोर डोंगराला नेतो. न केवढं झालंय ते! जितं पोर कदी बोटाएवढं असतंय?"

"अगं, ते लांब गेलंय म्हनून बारीक दिसतंय."

"लांब गेलंय. त्येच म्हनते मी."

 ती अजून तशीच उभी होती.

"न अशी कोन उभी ऱ्हाते, ठावं हाय तुला? माझी थोरली गेली तवा मी अशी उभी व्हते. हात कुठं ठेवायचे त्येच कळत नाय, तशी. सुई लावली न पोर गेलं, ह्ये तूच काढून दावलंस. मंग आमी पळणार नाय तर काय करणार?"

तेव्हा भिवाजीनं तिचे हात बघितले. मनगटं जराशी बाहेर वळलेली. तळवे अर्धे उघडे. बोटं वाकलेली, आत्ता आत्तापर्यंत काहीतरी धरलं होतं आणि कुणी काढून घेतलंय, अशी. हे हात त्याला माहीत होते. शकूला बाहेर काढली तेव्हा बायजा अंगणात उभी होती, ती अशी. आणि त्याच्या कुंचल्यानं आनंदाची आई काढायला घेतली ती बरोब्बर तिथंच जाऊन उभी केली, त्याच अंगणात. त्याला न विचारता.

"मी दुसरं काढतो," तो म्हणाला. "पुढल्या बाजाराला आनतो. तू पोराला घेऊन ये."

"बेगीन काढ," बुधी म्हणाली. "आमच्या खालच्या पाड्यात देवी आल्यात."

अण्णांनी दुसरं धोतर दिलं. "आता एकच उरलंय, पेंटर. ह्या वेळी नीट काढ."

पहिल्या दोन चौकटी त्यानं तशाच उतरवल्या. तिसरीपाशी हात अडला. आधी भिंतीवर कोळशानं काढून बघायला लागला. हवालदार खुशीत असला की कसा उभा राहतो, ते त्यानं झोपेत काढलं असतं. शेळी खुशीत असली की तिचं शेपूट कसं, तेही. पण आई काढायला गेला की खांदे पडायचे. पोर वर उचललेली आई काढली, तर ती पोर कुणाच्या तरी स्वाधीन करते असं वाटायला लागलं. पोराला छातीशी धरलेली काढली, तर ती त्याला लपवते आहे. तो फलाटावर गेला, गाडीत चढणाऱ्या लेकुरवाळ्या बघितल्या आणि लगबगीनं घरी आला. पण स्टेशन आणि घर ह्यांच्यामध्ये कुठंतरी ती रेघ वाकायची. भिंत काळी झाली. ओळीनं आया उभ्या होत्या भिंतीवर, सगळ्यांचे हात रिकामे.

दुपारी बायजा भांडी घासून आत आली आणि भिंत बघून थांबली.

"काय चाललंय ह्ये?"

भिवाजी तिच्याकडं न बघता बोलला. सगळं सांगितलं. बुधी काय म्हणाली, कशी उभी राहिली. "ती म्हनली, ही बाय रिकामी हाय."

"मला ठावं व्हतं."

"मंग बोलली का नायस?"

"काय बोलू?" बायजा म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय. मला वाटलं, मुद्दाम काढलीत."

बाहेर कुणीतरी बैल हाकत गेलं. भिवाजीनं भिंतीवरची एक आई तळव्यानं पुसली.

"मला येत नाय गं," भिवाजी म्हणाला. "पोर असलेली बाय काढायला येत नाय मला. तू उभी ऱ्हाशील जरा? हातात काय पन घे. हंडा घे."

बायजा आत गेली. तिनं हंडा नाही आणला. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्याकडं शकूची गोधडी होती, लहानशी, तिच्याच लुगड्यांच्या तुकड्यांची. तिनं ती गुंडाळली, पदराच्या चिंधीनं मधोमध बांधली आणि कमरेवर घेतली.

झालं. गोधडीचं वजन ते काय? पण कंबर एका अंगाला गेली. दुसऱ्या पायावर भार आला, टाच भुईत रुतली. मान आपोआप कलली. डाव्या हाताचा विळखा पडला आणि उजवा हात गोधडीच्या वरच्या टोकाशी जाऊन अंगठ्यानं काहीतरी पुसायला लागला. तिचं तिला कळत नव्हतं. भिवाजीनं कोळसा टाकला, कुंचला उचलला आणि थेट धोतरावर ओढला. टाचेपासून निघालेली रेघ, कमरेला वळसा घेऊन, पाठीवरून, मानेवरून, कानापर्यंत. एकच. जिथं भार होता तिथं कुंचला आपोआप दाबला गेला, रेघ जाड झाली.

ह्या वेळी अंगण नाही, शेत नाही, डोंगर नाही. चौकट वरपासून खालपर्यंत आई आणि पोर. पोर चांगलं दांडगं, गुबगुबीत, दंडावर टोचल्याचे वण, आणि आईचा कान ओढतंय. शकूला ती खोड होती. कान धरून झोपायची.

"झालं," भिवाजी म्हणाला. "ठेव आता खाली."

"असू द्या जरा."

"बायजा."

"असू द्या म्हनलं ना."

तिनं तशीच चूल पेटवली. एका हातानं फुंकणी धरली, गोधडी कमरेवर. भाकरी थापायची वेळ आली तेव्हा कुठं खाली ठेवली, तीही पाट घेऊन पाटावर.

पुढच्या बाजाराला धोतर चिंचेला बांधलं आणि भिवाजी ह्या वेळी झाडामागं जाऊन बसला. बायका आल्या. पहिल्या चौकटीला कुणी फारसं हसलं नाही. दुसरी भरभर ओलांडली. तिसऱ्या चौकटीपाशी जाऊन थांबल्या. मग एक पोरसवदा बाई फिस्सकन हसली. "कान वढतंय बघ! मेल्याचा हात बघ!" बोलता बोलता तिनं स्वतःचं पोर ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि तिची कंबर एका अंगाला गेली, चित्रातल्यासारखी. भिवाजीनं ते झाडामागून बघितलं. ती अण्णांपुढं येऊन बसली. तिच्यामागं दुसरी. पोरं रडायला लागली, आयांनी दटावलं, अण्णांचं धोतर पोरांच्या मुतानं भिजलं. कोंडाजी लांबून ओरडला, "अण्णा, ह्ये पन पेंटरला द्या आता रंगवायला!"

बुधीची जागा रिकामी होती.

"तिच्याकडं देवी आल्यात," त्या पोरसवदा बाईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि भिवाजी वर गेले. सायकल खाली ठेवली, पेटी अण्णांच्या खांद्याला, धोतराची गुंडाळी भिवाजीच्या. वाडीतली माणसं पळाली नव्हती. पण बायका आपापल्या दारात पोरं धरून उभ्या होत्या आणि एक पाऊल पुढं येत नव्हत्या. बुधीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा टांगलेला. अण्णांनी वहाणा लांबच काढल्या.

बुधी अंगणात पाठमोरी उभी होती. भिवाजीला तिचं तोंड बघायची गरज पडली नाही.

तिचा नवरा नागू उंबऱ्यावर बसला होता. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "काल नेला डोंगराला."

अण्णा पेटी मांडीवर घेऊन तिथंच बसले. भिवाजी उभाच. बुधी वळली.

"आनलंस?"

"आनलं."

"दाव."

"अगं, आता कशाला..."

"दाव म्हनते."

एक टोक अण्णांनी धरलं, एक नागूनं. धोतर उलगडलं. पहिल्या दोन चौकटींकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिसरीपुढं उभी राहिली. हात पुढं केला आणि त्या जाड रेघेवरून, कमरेवरून, बोट फिरवलं.

"ही कोन?"

"माझी बायको."

"न पोर?"

"पोरगी हाय. शकू."

दारादारांतल्या बायका ऐकत होत्या.  बुधीनं विचारलं, "जिती हाय?"

भिवाजीनं अण्णांकडं बघितलं. अण्णांना सगळं ठाऊक होतं. शकूच्या वेळी तेच कर्जतच्या डॉक्टरांना बोलवायला धावले होते. अण्णांनी मान खाली घातली आणि पेटीची कडी चाचपायला लागले.

"हाय की," भिवाजी म्हणाला. "मोठी झालीय आता. लई पळती. आयचं ऐकत नाय."

बोलताना तो ताठ उभा राहिला. खांदे मागं घेतले, छाती पुढं काढली. हसरा बाप कसा उभा राहतो ते त्याला माहीत होतं, शंभरदा काढला होता. पण धोतर दुसऱ्यांच्या हातात होतं आणि आपले हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. ते अंगापासून जरासे लांब, खाली, तसेच राहिले.

बुधी त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. हातांकडं बघत होती. खूप वेळ बघत होती.

मग ती दारांकडं वळली. "ऐकलं न?" ती मोठ्यानं म्हणाली. आवाज फाटका होता, पण शेवटच्या खोपटापर्यंत गेला. "ह्याची पोर पळती म्हनतोय. आना तुमची पोरं. बसा म्होरं."

पहिली बाई उतरली. मग बाकीच्या. अण्णांनी डोळे पुसले आणि पेटी उघडली. काम संपेस्तोवर बुधी तिथंच, नागूच्या हातातलं टोक आपल्या हातात घेऊन, धोतर धरून उभी राहिली. भिवाजीकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "उशीर केलास, पेंटर." आणि धोतराची नीट घडी करून त्याच्याकडं दिली.

भिवाजी घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बायजा दारात होती. तो गल्लीच्या टोकाला दिसला तेव्हापासून ती त्याची चाल बघत असावी, कारण तिनं तांब्या भरून ठेवला होता आणि काही विचारलं नाही. तो पाय धुवायला पायरीवर बसला, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"पोरं आली?" तिनं मागून विचारलं.

"आली. सगळ्या वाडीची."

"न तिचं?"

त्याची पाठ हलली नाही. बायजानं त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि पायांवर पाणी ओतायला लागली.

"मी शकूला जिती सांगितली तिला," तो म्हणाला. "चारचौघींत. तिला कळलं. तरी तिनं हाक मारली त्यांना."

बायजानं विचारलं, "केवढी सांगितलीत?"

"मोठी. लई पळती म्हनलं."

"पळायचीच ती," बायजा म्हणाली आणि उरलेलं पाणी त्याच्या टाचांवर ओतलं.